मदत हवी आहे: बेसबॉलच्या 30 टीम्सचे विन्स सीझनआधी कसे लिहायचे? (26 मार्च 2025 च्या रात्रीपर्यंत)

केतकी_मिलवॉकी

नमस्कार मंडळी, इथे क्रिकेटचे धागे भरपूर असतात, बेसबॉल बघणारे किती आहेत कल्पना नाही, पण अमेरिकेतले बरेच जण आहात म्हणून विचारतेय.

आम्ही मिलवॉकीजवळ राहतो, सात वर्षं झाली. आमच्या गल्लीत एक रिटायर्ड आजोबा आहेत, ते दरवर्षी सीझनच्या आधी घरोघरी एकेक कागद देऊन जातात. कागदावर मेजर लीगच्या 30 टीम्सची नावं आणि प्रत्येकीपुढे रिकामी चौकट, त्यात ती टीम 162 पैकी किती मॅच जिंकेल तो आकडा लिहायचा. पैसे वगैरे काही नाही. सीझन संपला की प्रत्येक टीमचा आकडा कितीने चुकला ते बघून सगळ्याची बेरीज करतात, जास्त लिहिलं काय नि कमी लिहिलं काय, चूक ती चूक. ज्या घराची बेरीज सगळ्यात कमी त्यांचं नाव आजोबांच्या गॅरेजमधल्या लाकडी फळीवर लागतं. मागच्या वर्षी जिंकलेल्या घराची बेरीज 236 होती, आमची 331.

माझा मुलगा 11 वर्षांचा आहे आणि त्या फळीवर आपलं आडनाव यावं हे त्याने फार मनावर घेतलंय. बेसबॉल तो गाडीत रेडिओ ऐकून शिकला, बॉब यूकर यांचा आवाज. ते 1971 पासून ब्रूअर्सची, म्हणजे आमच्या मिलवॉकीच्या टीमची, कॉमेंट्री करत होते आणि ह्या जानेवारीत गेले, 90 वर्षांचे होते. त्या दिवशी घरात कुणी जेवलं नाही धड. त्याआधी ऑक्टोबरमध्ये प्लेऑफला न्यूयॉर्कच्या मेट्सविरुद्धची ती तिसरी मॅच झालीच होती, नवव्या इनिंगला 2-0 पुढे आणि त्यांच्या पीट अलोन्सोने तीन रनचा होमर (सिक्ससारखा फटका) मारला, 4-2 ने हरलो. मग डिसेंबरात ज्याच्या बॉलवर तो होमर गेला तो आपला क्लोजर, म्हणजे शेवटी बॉल टाकायला येणारा पिचर, डेव्हिन विल्यम्स न्यूयॉर्कच्याच यांकीजना देऊन टाकला आणि शॉर्टस्टॉप विली अदामेस सात वर्षांच्या करारावर जायंट्सकडे गेला. हे सगळं सांगतेय कारण प्रश्न त्यातूनच आलाय.

कागद फ्रिजवर लावलाय. लेकाने पेन्सिलने सगळं भरलंय, पण ब्रूअर्सची चौकट इतक्यांदा खोडलीय की कागद उजेडात धरला तर तिथून पलीकडचं दिसतं. तो म्हणतो 95. बाबा म्हणतो 80, कारण वेबसाइटवरची बहुतेक प्रोजेक्शन्स 80 च्या आसपास आहेत आणि सेंट्रलमध्ये (आमची डिव्हिजन) शिकागोच्या कब्जना वर धरतायत. पण मागच्या वर्षी पण असंच म्हणत होते ना? कोच क्रेग काउन्सेल कब्जकडे गेला, मुख्य पिचर कॉर्बिन बर्न्सला ओरिओल्सना दिलं, तेव्हा सगळे म्हणाले संपलं आता, आणि 93 जिंकून डिव्हिजन घेतली. मग ह्या प्रोजेक्शन्सवर किती विश्वास ठेवायचा? मुलाला मी काय सांगू, मनातलं लिही की वेबसाइटचं उतरव?

अजून दोन ठिकाणी अडलोय. व्हाइट सॉक्स मागच्या वर्षी 121 हरले, फक्त 41 जिंकले, आता त्यांना किती द्यायचे? आणि यांकीजच्या गेरिट कोलचं आत्ता टॉमी जॉन (कोपराचं) ऑपरेशन झालं, तो अख्खा सीझन नाही, तर त्यांच्यातून एका पिचरसाठी किती विन्स वजा करायचे? डॉजर्सना लेकाने 118 दिलेत, ते बरोबर वाटतं का? कुणी नीट समजावून सांगितलं तर मी त्याला तसंच वाचून दाखवीन.

नाशिककर_सिएटल

केतकीताई, पहिलं काम, सगळ्या 30 चौकटींची बेरीज करा. प्रत्येक मॅचमध्ये एकच टीम जिंकते, त्यामुळे 30 गुणिले 162 भागिले 2, म्हणजे एकूण विन्स 2430 च असतात, सरासरी 81. बेरीज त्याच्या वर गेली असेल तर कागद सुरुवातीलाच चुकलाय.

118 नका लिहू. आजवरचा रेकॉर्ड 116 आहे, 1906 चे कब्ज आणि आमचे 2001 चे मरिनर्स. आणि 116 जिंकून सुद्धा आमचे लोक लीग चॅम्पियनशिपला यांकीजकडून 4-1 हरले, ते इथले जुने लोक अजून बोलतात. डॉजर्स मागच्या वर्षी चॅम्पियन झाले 98 विन्सवर, त्यात आता स्नेल आणि रोकी सासाकी हे पिचर आले, तरी मी 100 च्या जवळपासच थांबेन. तगड्या टीमचे पिचर जखमी होतात आणि सप्टेंबरात जागा पक्की झाली की मोठ्या खेळाडूंना विश्रांती देतात, हे धरायलाच हवं.

केतकी_मिलवॉकी

आत्ताच बेरीज केली, 2497 आली! 67 जास्त. बेरीज बघून तो एकदम गप्प झाला आणि मग म्हणाला "आई, म्हणजे मी कुणाला हरवलंच नाहीये."

बेरीज_वजाबाकी

तुमच्या मुलाने खूप खरं बोललंय ते. मी गेली काही वर्षं मित्रांमध्ये हेच करतो, माझी पद्धत सांगतो, फार मोठं गणित नाही.

मागच्या वर्षीचे विन्स बघू नका, रन्स बघा. बिल जेम्स यांचा जुना फॉर्म्युला आहे, केलेल्या रन्सचा वर्ग, त्याला केलेल्या रन्सचा वर्ग अधिक दिलेल्या रन्सचा वर्ग याने भागायचं, आणि गुणिले 162. ब्रूअर्सनी 2024 मध्ये 777 केल्या, 641 दिल्या. हिशेब करा, 96 येतात. म्हणजे 93 मध्ये नशिबाची साथ नव्हती, उलट तीन कमीच मिळाले. व्हाइट सॉक्स 507 केल्या आणि 813 दिल्या, त्यांचे 45 येतात.

याचा उपयोग कळायला 2023 चे पाद्रेज बघा. केलेल्या रन्स दिलेल्यांपेक्षा 104 जास्त, तरी 82 च जिंकले, कारण एका रनने संपलेल्या मॅचेसमध्ये 9 जिंकले, 23 हरले. एका रनच्या मॅचेसमध्ये नशीब खूप असतं, ते पुढच्या वर्षी तसंच राहत नाही. 2024 ला जिंकले 93. पण दरवेळी असं होतंच असं नाही हां, 2021 मध्ये मरिनर्सनी 51 रन्स तोट्यात राहून 90 जिंकले आणि रन्स बघून लोक म्हणाले आता पडणार, तर पुढच्या वर्षी परत 90.

मग तो आकडा 81 च्या दिशेने एक तृतीयांश ओढायचा. ब्रूअर्सचे 96, म्हणजे 81 च्या वर 15, त्यातले 5 काढा, 91. व्हाइट सॉक्स 45, म्हणजे 36 खाली, त्यात 12 मिळवा, 57. हे ओढणं का, तर टोकाचं वर्ष हे बरंचसं जमून आलेलं किंवा फसलेलं वर्ष असतं. 2003 चे टायगर्स 43 जिंकले, पुढच्या वर्षी 72. 1962 चे मेट्स 40, मग 51. 2018 चे ओरिओल्स 47, मग 54. तिघांनीही वर उडी घेतली, पण कुणाची किती ते बघा. व्हाइट सॉक्सना मी 55 ते 57 लिहीन.

त्यानंतर आले गेले बघायचे. साधारण 10 रन्स म्हणजे एक विन धरतात. कोलसारखा पिचर तीसेक मॅचेस सुरू करतो, त्याच्या जागी येणारा मॅचमागे एक रन जास्त देणार असेल तर 30 रन्स, म्हणजे 3 विन्स. त्याहून जास्त नाही. यांकीजचा बॅटर सोटो मेट्सकडे गेल्याचे वेगळे काढा, पण पिचर मॅक्स फ्रीड आलाय त्याचे मिळवायलाही विसरू नका. अदामेसने मागच्या वर्षी 32 होमर मारलेत, तो आणि विल्यम्स मिळून ब्रूअर्सचे मी 4 काढतो. राहतात 87.

वेबसाइटवाले 80 का म्हणतात? पेकोटा किंवा झिप्स ही त्यांची प्रोजेक्शनची गणितं टीम मोजत नाहीत, एकेक खेळाडू मोजतात, त्याची मागची तीनेक वर्षं, वय, दुखापती. ज्या टीमची ताकद मोठ्या नावांत नाही, फील्डिंगमध्ये, पळण्यात आणि नवख्या पोरांत आहे ती तिथे कमी दिसू शकते. 2015 च्या रॉयल्सना पेकोटाने 72 दिले होते, ते 95 जिंकून वर्ल्ड सिरीज घेऊन गेले. म्हणून प्रोजेक्शन खोटं असं नाही, 30 टीम्स एकत्र धरल्या तर आपल्या अंदाजापेक्षा ते बरंच असतं. मी प्रोजेक्शन आणि माझा आकडा यांची सरासरी घेतो.

एक गोष्ट मुलाला नक्की सांगा. प्रत्येक टीम किती चांगली आहे हे देवाने कानात सांगितलं तरी 162 मॅचेसमध्ये नुसत्या नशिबाने टीममागे सरासरी 5 ची चूक होणारच, 30 टीम्सची 150. आयपीएलच्या 14 मॅचेसपेक्षा हे खूप स्थिर आहे, पण तरी इतकं उरतं. तेव्हा 236 वाला कागद खरोखर चांगला होता आणि तुमचा 331 वाला सुधारण्यासारखा आहे.

स्नेहल_जर्सी

केतकी, आमच्याकडे नवरा यांकीज आणि मुलगी मेट्स, त्यामुळे मी तुझ्या बाजूने आहे. बेरीज_वजाबाकी यांचं सगळं बरोबर आहे, ते 29 टीम्सना लाव. तिसाव्या चौकटीत त्याला जरा मनासारखं लिहू दे गं. 87 ऐवजी 91 लिहिले आणि चुकले तरी चार-पाचने बेरीज बिघडेल, 29 ठिकाणी नीट काम केलं तर 60-70 सुधारेल. यूकरआजोबांच्या वर्षी पोराने स्वतःच्या टीमला 80 लिहायचं, मला तर नाही बाई जमणार.

आणि ए'जचं (आधीची ऑकलंडची टीम) बघितलंत का, ते ह्या वर्षी सॅक्रामेंटोला मायनर लीगच्या ग्राउंडवर खेळणार आहेत, टँपा बेच्या रेजच्या स्टेडियमचं पण छप्पर वादळात उडालं म्हणून ते यांकीजच्या ट्रेनिंगच्या ग्राउंडवर. घरच्या 81 मॅचेस अनोळखी जागी, ह्या दोघांना मी एकेक विन कमी दिलाय.

केतकी_मिलवॉकी

सगळ्यांचे मनापासून आभार, नाशिककर दादा आणि बेरीज_वजाबाकी सर, दोन संध्याकाळी आम्ही तिघं कॅल्क्युलेटर घेऊन डायनिंग टेबलावरच बसलो होतो. आजोबांकडून नवीन कोरा कागद मागून आणला. डॉजर्स 99, व्हाइट सॉक्स 56, रेज आणि ए'जचे एकेक काढले स्नेहल म्हणाली तसे.

ब्रूअर्सना बाबा आणि मी 84 म्हणत होतो, 87 आणि 80 ची सरासरी. त्याने स्नेहलचं वाचलं आणि 90 लिहिले. मग बेरीज 2436 झाली, सहा जास्त. मी म्हटलं आता हे सहा कुणाचे काढायचे ते तू ठरव. अर्धा तास बसला. दोन कब्जचे काढले काउन्सेलमुळे, एक कार्डिनल्सचा, एक मेट्सचा (अलोन्सो), आणि दोन यांकीजचे. म्हटलं यांकीजचे दोन का, तर म्हणे आपली पहिली सिरीज तिथेच आहे, तीन मॅचेस, त्यातल्या दोन आपण घेणार.

बेरीज 2430. पाकीट आत्ताच आजोबांच्या दारात टाकून आलो, बाहेर अजून थंडी आहे पण जॅकेट न घालताच पळाला. उद्या दुपारी पहिली मॅच.