दिव्यांग प्रौढांसाठी साप्ताहिक कलावर्ग: खोली, हत्यारं आणि मदतनीस यांची तयारी कशी करावी?

(प्रश्न आणि त्यावरची उत्तरं; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

रंगपेटी

एक सार्वजनिक सभागृह दर आठवड्याला दोन तास मिळणार आहे. तिथे दिव्यांग प्रौढांसाठी कलावर्ग सुरू करायचा बेत आहे. आतापर्यंत बारा नावं आली आहेत: तिघं व्हीलचेअरवर (एकाला मणक्याची इजा, दोघांना सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे स्नायूंवर ताबा कमी), दोघं पूर्ण दृष्टिहीन, एक अल्पदृष्टी, दोघं कर्णबधिर आणि चौघांना बौद्धिक अक्षमता, त्यातली एक व्यक्ती स्वमग्नही आहे. मदतीला चार स्वयंसेवक, सगळे नवखे.

विचारायचं ते असं. बारा जणांना एकत्र बसवावं का? सुरुवात कोणत्या माध्यमापासून करावी? ज्यांच्या हातात कुंचला ठरत नाही त्यांच्यासाठी काय जोडणी करावी? आणि स्वयंसेवकांना पहिल्या दिवशी नेमकं काय सांगावं?

हातोटी

चार नवख्या मदतनिसांवर बारा जण नकोत. सहा-सहाचे दोन गट करून आलटून पालटून बोलवा. फक्त गट अपंगत्वाच्या प्रकारावरून पाडू नका, कामाच्या वेगावरून आणि आवाज किती सोसतो यावरून पाडा. दोन तासांतला हातात पडणारा वेळ सव्वा तासच धरा. बाकीचा बसवण्यात, ॲप्रन बांधण्यात आणि हात धुण्यात जातो.

खोली पाहायला जाताना मोजपट्टी न्या. व्हीलचेअर जागच्या जागी वळायला १५० सें.मी. व्यासाची मोकळी जागा लागते, टेबलांमधून जायला किमान ९० सें.मी. टेबलाखाली गुडघ्यांसाठी ७० सें.मी. उंची आणि निदान ५० सें.मी. खोली हवी. इथे एक गोष्ट हमखास चुकते: लोक टेबलाची वरची उंची मोजतात, आणि फळीखालची आडवी पट्टी गुडघ्याला अडते. विजेवर चालणाऱ्या खुर्चीचा जॉयस्टिक हाताच्या टेकूपेक्षा वर असतो, तोही कडेला आपटतो. टेबलाचे पाय लाकडी ठोकळ्यांवर चढवता येतात, पण ठोकळ्याला वरून खळगा पाडा, नाहीतर धक्का बसला की पाय घसरेल.

आता कुंचला. दांडा साधारण ३ ते ४ सें.मी. जाड झाला की कमकुवत मुठीलाही धरता येतो. पाइपवर चढवायची फोमची नळी १० सें.मी. कापून घ्या. आधी दांड्यावर मास्किंग टेपचे दोन-तीन वेढे द्या, मग नळी चढवा. टेप नसेल तर रंगवताना कुंचला नळीतच गरगर फिरतो आणि मग नळीलाच दोष दिला जातो. फोम नसेल तर सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला तरी चालतं. जाडी वाढवायच्या नादात ५ सें.मी.च्या पुढे जाऊ नका, बोटं मिटतच नाहीत आणि पंजा लवकर दमतो.

मूठच वळत नसेल तर तळहाताभोवती वेल्क्रोचा पट्टा आणि त्याच्या आतल्या बाजूला कुंचला खोचायला शिवलेला खिसा. पट्ट्याखाली एक बोट सहज सरकलं पाहिजे. हाताला संवेदना नसेल तर दर पंधरा मिनिटांनी पट्टा काढून कातडी पाहा. लाली उतरत नसेल तर त्या दिवशी पट्टा परत बांधायचा नाही.

थरथरणाऱ्या हातासाठी जड कुंचला हा उपाय सगळीकडे सांगतात. काहींना त्याने फरक पडतो, काहींचा हात पाच मिनिटांत गळून जातो. आधी कोपर आणि मनगटाजवळचा भाग टेबलावर टेकवून पाहा, दांडा आखूड करा, रंग दाट ठेवा. बहुतेकदा एवढ्याने भागतं. कागद चारही कडांनी टेपने चिकटवा. फक्त कोपरे चिकटवले तर ओला कागद मधून फुगतो आणि कुंचला त्यात अडकतो. पाण्याला प्लास्टिकचा पेला नको, जड बुडाचं पसरट भांडं घ्या आणि अर्धंच भरा.

ओली माती

माध्यम म्हणाल तर मातीपासून सुरुवात करा. एकाच टेबलावर दृष्टिहीन आणि डोळस दोघांनाही सारखंच काम देता येतं, अशी माध्यमं फार नाहीत. दृष्टिहीनांना आधी उठावाच्या रेषांची छापील चित्रं देऊन त्यात रंग भरायला सांगतात, ते मला पटत नाही. ती दुसऱ्याच्या डोळ्याने आखलेली बाह्यरेषा आहे, तिच्यात करायला फारसं काही उरत नाही. रेषाच काढायची असेल तर रबरी पाटीवर पातळ प्लास्टिकचा कागद ठेवून त्यावर बॉलपेनने काढा. रेषा त्याच बाजूला वर उठते आणि काढता काढता बोटाला कळते.

प्रत्येकाला कडा असलेला ट्रे द्या आणि वस्तू घड्याळाच्या काट्यांप्रमाणे मांडा: पाणी बारा वाजता, माती कापायची तार तीन वाजता, ओलं फडकं नऊ वाजता. मांडणी दर आठवड्याला तीच. न सांगता वस्तू हलवणं ही मदतनिसांची सगळ्यात मोठी चूक. अल्पदृष्टी व्यक्तीला गडद ट्रेवर फिकी माती किंवा उलट, आणि उजेड मागून खांद्यावरून यावा. चकचकीत टेबलावर दिव्याची तिरीप पडते, तिथे काळा सुती कपडा अंथरा.

प्रत्येकी साधारण अर्धा किलो माती पहिल्या दिवशी पुरे. भिंत सगळीकडे १ सें.मी.च्या आसपास ठेवायला सांगा, आणि ती बोटांच्या चिमटीत मोजायला शिकवा. हात किंवा कान जोडताना दोन्ही बाजूंना चरे पाडून दाट चिखल लावायचा. नुसतं दाबून चिकटवलेलं वाळताना सुटतं, कारण दोन तुकडे कमी-अधिक ओले असले की कमी-अधिक आकसतात. सुकवताना सैल प्लास्टिकखाली ठेवा. पंख्याखाली ठेवलेल्या वस्तूच्या कडा आधी वाळतात आणि तडा मधोमध जातो.

भट्टीत वस्तू फुटली की सगळे अडकलेल्या हवेला दोष देतात. खरा दोष बहुधा ओलीचा असतो: १०० अंशांला आतल्या पाण्याची वाफ होते आणि तिला बाहेर पडायला वाट नसते. म्हणून आठवडाभर वाळवा, जाड कामं आतून कोरून पोकळ करा आणि भट्टी पहिले काही तास १०० अंशांखालीच धरून ठेवा. भट्टी नसेल तर हवेत वाळणारी माती घ्या, मात्र ती ठिसूळ असते आणि बारीक अवयव टिकत नाहीत.

साफसफाई ओल्या फडक्याने. वाळलेली माती झाडली की सिलिकाची धूळ उडते, ती फुप्फुसात जाते. गटात कोणी वस्तू तोंडात घालणारं असेल तर ग्लेझ (भाजल्यावर काचेसारखा होणारा लेप) आणि रंगद्रव्याची भुकटी त्या टेबलावर आणूच नका.

निळी शाई

हातोटी, तुमच्या यादीतली सायकलची ट्यूब तेवढी काढा. बहुतेक ट्यूब कृत्रिम रबराच्या असतात, पण नैसर्गिक लॅटेक्सच्याही मिळतात आणि हातात घेऊन फरक कळत नाही. स्पायना बिफिडा (जन्मतः पाठीचा कणा नीट न जुळलेला असणं) असलेल्यांत लॅटेक्सची ॲलर्जी फार आढळते आणि ती जिवावर बेतू शकते. आज यादीत कोणी नसेल, पुढच्या महिन्यात येईल. फुगे, रबरबँड, लॅटेक्सचे हातमोजे सगळंच खोलीबाहेर. मोजे नायट्राइल या कृत्रिम रबराचे घ्या.

मणक्याची इजा असलेल्या व्यक्तीबद्दल आधीच विचारून ठेवा: इजा कोणत्या पातळीवर आहे? छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीची किंवा त्याच्या वरची असेल तर अचानक रक्तदाब भडकण्याचा धोका असतो. एकाएकी तीव्र डोकेदुखी, चेहरा लाल, वरच्या अंगाला घाम ही लक्षणं. अशा वेळी आडवं करायचं नाही. सरळ बसवायचं, पट्टे-कपडे सैल करायचे, लघवीची नळी मुडपली आहे का ते पाहायचं आणि लगेच वैद्यकीय मदत बोलवायची. एरवीही कामाच्या भरात खुर्चीत अंग हलवायचं राहून जातं, तेव्हा दर पंधरा ते तीस मिनिटांनी आठवण द्या. गरम ग्लू गन या टेबलावर नको. भाजलेलं कळतच नाही.

हातोटी

बरोबर आहे, ट्यूब रद्द. फोमचीच नळी वापरा.

तिसरी घंटा

स्वयंसेवकांबद्दल कोणी बोललं नाही, आणि वर्ग बिघडतो तो तिथेच. पहिल्या दिवशी एकच नियम पाठ करून घ्या: सहभागी व्यक्तीच्या कामावर आपलं बोट उमटता कामा नये. हालचाल दाखवायची असेल तर आपला हात खाली आणि त्यांचा वर. वरचा हात हवा तेव्हा काढून घेता येतो. त्यांच्या हातावर आपला हात ठेवून कुंचला फिरवला की चित्र मदतनिसाचं होतं, शिवाय सेरेब्रल पाल्सीत ताणलेला स्नायू ओढाताणीने आणखी आवळतो.

कर्णबधिरांसाठी आधी करून दाखवा, मग थांबा, मग सांगा. डोळे एकाच वेळी तुमच्या हातांकडे आणि खुणांच्या भाषेच्या दुभाष्याकडे लावता येत नाहीत. बोलणाऱ्याच्या पाठीमागे खिडकी नको.

स्वमग्न व्यक्तीसाठी सत्राचा क्रम चार-पाच चित्रांत भिंतीवर लावा आणि झालेलं चित्र काढून टाका. बदल असेल तर आदल्या दिवशी कळवा. उग्र वासाचे रंग आणि मार्कर टाळा. एक शांत कोपरा ठेवा, पण तो शिक्षेची जागा होता कामा नये: तिथे जायला परवानगी मागावी लागू नये. निवड विचारताना दोन-तीन वस्तू समोर धरा. दहा रंगांची पेटी उघडून ‘कोणता हवा?’ विचारलं तर उत्तर येत नाही, आणि मग मदतनीसच निवडून मोकळा होतो.

काहीच करत नाही म्हणून कोणाला वगळायची घाई नको. अमेरिकेतल्या ओकलंडमध्ये १९७४ साली सुरू झालेल्या क्रिएटिव्ह ग्रोथ या दिव्यांगांच्या कलाकेंद्रात ज्युडिथ स्कॉट १९८७ मध्ये आल्या. त्यांना डाउन सिंड्रोम होता आणि ऐकू येत नव्हतं. जवळजवळ दोन वर्षं चित्रकलेत त्यांचं मन लागलं नाही. मग धागा हाती आला, आणि २००५ मध्ये मृत्यू होईपर्यंत त्या वस्तूंभोवती सूत गुंडाळून शिल्पं करत राहिल्या. म्हणून दर चार-पाच आठवड्यांनी माध्यम बदला आणि कोणी जुन्यावरच रमलं असेल तर त्याला तिथेच राहू द्या.

रंगपेटी

खूप कामाचं मिळालं. एक राहिलं. सभागृहवाल्यांना तिसऱ्या महिन्यात प्रदर्शन हवं आहे, सगळ्यांचं एकसारखं काहीतरी भिंतीवर. नाही म्हणावं का?

तिसरी घंटा

प्रदर्शनाला नाही म्हणू नका, ‘एकसारखं’ला म्हणा. बारा सारखी फुलं लावायची ठरलं की शेवटच्या आठवड्यात मदतनीस ती पूर्ण करत बसतात. सभागृहवाल्यांशी बोलताना संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या करारातलं कलम ३० हाताशी ठेवा. त्यात सर्जनशील क्षमता वाढवण्याची संधी स्वतःच्या लाभापुरती नव्हे, समाजाच्या समृद्धीसाठीही म्हटली आहे. म्हणजे दयेचा कार्यक्रम म्हणून त्याची जाहिरात करू नका.

काय लावायचं ते ज्याचं त्याने निवडावं, न लावण्याचा हक्कही त्याचाच. फोटो, नाव छापणं आणि विक्री यांसाठी तीन वेगवेगळ्या संमती घ्या, चित्रांच्या किंवा सोप्या वाक्यांच्या मदतीने समजावून. पालकांची सही म्हणजे त्या व्यक्तीची संमती नव्हे. सही करता येत नसेल तर स्वतः निवडलेली खूण चालते. कॉपीराइट करणाऱ्याचा. विक्रीतला वाटा किती, ते चित्र भिंतीवर जाण्याआधी लिहून ठेवा.

ओली माती

आणि चित्राचा मध्यबिंदू १२५ सें.मी.च्या आसपास घ्या. नेहमीच्या १५० वर बसून पाहणाऱ्याची मान अवघडते. मातीची कामं ७५ सें.मी. उंच टेबलावर, कडेपासून हात पोहोचेल इतकी जवळ ठेवा, खाली चिकटणारी पुट्टी लावा आणि ‘हात लावा’ अशी पाटी मोठ्या अक्षरांत आणि ब्रेलमध्येही. प्रत्येक कामाची एक जोडी करून घेता आली तर उत्तम: एक हाताळायला, एक जपून ठेवायला. दिवसभर हाताळलं की बारीक अवयव मोडतातच.