८ एमएम फिल्मसाठी जुना एडिटर कुठला घ्यावा? (बजेट ४,०००)

माळ्यावरची_ट्रंक
नमस्कार मंडळी. सदाशिव पेठेतला वाडा पाडायला जाणार म्हणून माळा रिकामा केला, तर बाबांची ट्रंक निघाली. आत २३ रिळं. डब्यांवर बाबांच्या अक्षरात ‘मुंज’, ‘महाबळेश्वर’, ‘पानशेतनंतर’, ‘आई – अंगण’ असं लिहिलंय. कॅमेरा काकांनी कधीच विकला, प्रोजेक्टर भाड्याने आणायचे म्हणे. मला ही रिळं बघायची आहेत, आणि खराब तुकडे काढून बाकीचं जोडायचं आहे. दोन हँडलं आणि पोस्टकार्डाएवढा पडदा असलेलं एक यंत्र असतं ना, ते हवंय. कुठलं घेऊ? चार हजारांच्या वर एक रुपया नाही. आणि कृपया ‘डिजिटल करून घ्या’ सांगू नका, ते नंतर बघू.

निवांत_वारजे
डिजिटल करून घ्या. मी स्कॅनरच घेतला, पस्तीस हजार गेले, पण डोक्याला ताप नाही.

माळ्यावरची_ट्रंक
बजेट चार हजार आहे हो.

रिळवेडा
ताई, एडिटर राहू द्या, आधी फिल्म बघा. ८ एमएम दोन प्रकारची. जुनी स्टँडर्ड ८, कोडॅकने १९३२ मध्ये आणलेली. नवी सुपर ८, १९६५ ची. रुंदी सारखीच, पण स्टँडर्डची छिद्रं मोठी आणि दोन चौकटींच्या मधल्या रेषेवर असतात, सुपरची बारीक आणि चौकटीच्या मध्यावर. दातेरी चाकातलं अंतरही वेगळं. एकाच्या यंत्रात दुसरी ओवली की छिद्रं फाटतात. रिळाच्या मधलं भोक लहान असेल तर बहुधा स्टँडर्ड, मोठं असेल तर सुपर. पण लोक एका रिळावरचं दुसऱ्यावर गुंडाळतात, त्यामुळे भिंगातून छिद्रंच बघा.
‘पानशेतनंतर’ १९६१ मधलं असेल तर ते स्टँडर्डच. तेव्हा सुपर ८ जन्मलीच नव्हती.

नारायणपेठी
पानशेतच्या पुराचं चित्रण आहे?? १२ जुलैचं? आमच्या वाड्यात पहिल्या मजल्यापर्यंत पाणी होतं. जपा हो ते.
बाकी एडिटर म्हणाल तर माझ्याकडे झाइस आयकॉनचा मोव्हिस्कोप आहे. चित्र असं की बघत राहावं. विकायचा नाही, विचारू नये.

रिळवेडा
काका, तुमचा १६ एमएमचा आहे. मागच्या धाग्यावर तुम्हीच सांगितलं होतंत.

नारायणपेठी
मग? चांगली वस्तू ती चांगलीच.

सावध_नागरिक
कुणीच बोलत नाहीये म्हणून सांगतो. जुन्या फिल्म पेट घेतात! २००३ च्या जानेवारीत आपल्या लॉ कॉलेज रोडलाच किती फिल्म जळल्या ते आठवा. घरात ट्रंक ठेवू नका.

रिळवेडा
त्या नायट्रेटच्या, म्हणजे चटकन पेटणाऱ्या जुन्या प्रकारच्या होत्या. घरगुती ८ एमएम नायट्रेटवर कधी बनलीच नाही, ती ॲसिटेटवर असते, म्हणूनच ‘सेफ्टी फिल्म’ म्हणतात. डबा उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर मात्र ते रीळ बाकीच्यांपासून लांब ठेवा. ॲसिटेट सडायला लागलंय आणि शेजारच्यांनाही लागतं.

सावध_नागरिक
तरी काळजी घेतलेली बरी.

बल्बगुल
माझी चूक सांगतो, तुम्ही करू नका. कोणीतरी अमेरिकेहून आणलेला एडिटर घेतला, हौसेने भिंतीतल्या प्लगला लावला. फट्! यंत्र ११० व्होल्टचं होतं. मागची पट्टी वाचली असती तर बल्ब वाचला असता. मग तापकीर गल्ली दोन शनिवार पालथी घातली, तसा बल्ब काही मिळाला नाही. शेवटी आत छोटा एलईडी बसवला. उलट बरंच झालं. जुना बल्ब तापायचा, एका चौकटीवर थांबून न्याहाळायचं म्हणजे धाकधूक. मोटारवाला तर घेऊच नका, रबरी पट्ट्याचा काकवीसारखा चिकटा होतो. हाताने फिरवायचाच बरा.

निवांत_वारजे
एवढे दोन शनिवार घालवण्यापेक्षा स्कॅनर.

कात्रीवाली
यंत्रावर सगळे बोलतायत, जोडायचं कशाने ते कोणी सांगेना. मी टेपवाला स्प्लायसर वापरते. टोकाला टोक लावायचं, वरून खालून टेप, चूक झाली तर सोलून परत. सिमेंटवाल्यात (सिमेंट म्हणजे फिल्म चिकटवायचा द्राव) एक टोक खरवडून दुसऱ्यावर चढवायचं, म्हणजे चौकट जाते ती जातेच.

आठएमेम
असहमत. टेपचा डिंक काही वर्षांनी बाहेर झिरपतो आणि शेजारचा वेढा चिकटतो. सिमेंट फिल्मची पट्टीच विरघळवून दोन टोकं एकजीव करतं. मी ऐंशी साली घातलेले जोड अजून ठणठणीत आहेत.

कात्रीवाली
सिमेंटची ताजी बाटली पुण्यात कुठल्या दुकानात मिळते ते सांगा, मग बोलू.

आठएमेम
…शोधावी लागते.

रिळवेडा
फुजीची सिंगल-८ फिल्म असेल तर तिला सिमेंट धरणारच नाही, ती पॉलिएस्टरची आहे. ओळख सोपी. टोकाचा कोरा तुकडा हाताने फाडून बघा, ॲसिटेट फाटते, पॉलिएस्टर नाही.

मीपण_पुणेकर
साध्या सेलोटेपने काय होतं? मी लावली होती.

कात्रीवाली
आणि आता ते रीळ कुठे आहे?

मीपण_पुणेकर
चिकटलंय.

आठएमेम
माझं मत: स्टँडर्ड आणि सुपर दोन्ही चालणारा म्हणजे ड्युअल ८ एडिटर. एल्मो, एर्नो, जो मिळेल तो. थांबायची तयारी ठेवा.

बल्बगुल
ड्युअल ८ ला +१.

नारायणपेठी
ड्युअल घ्या. आणि पुराचं रीळ आधी दाखवा.

माळ्यावरची_ट्रंक
सगळ्यांचे आभार. भिंगाने मोजली. १८ सुपर, ५ स्टँडर्ड. आंबट वास एकालाच आहे (मुंज), ते वेगळं ठेवलंय. ड्युअल ८ ऑनलाइन दिसतोय तो साडेनऊ हजारांचा, वर पाठवणावळ.

निवांत_वारजे
थोडे पैसे साठवा.

माळ्यावरची_ट्रंक
घेतला! रविवारी जुन्या बाजारात गेले होते. फक्त स्टँडर्ड ८ चा एडिटर, पडद्याला कोपऱ्यात चरा, बल्ब गेलेला. सोबत टेपचा स्प्लायसर. तो अठराशे म्हणाला, मी अकराशे दिले. बल्बगुल यांच्या सांगण्यावरून भाच्याने एलईडी बसवून दिला.

आठएमेम
म्हणजे १८ रिळं बघताच येणार नाहीत! आम्ही इतकं सांगून काय उपयोग?

माळ्यावरची_ट्रंक
त्या अठरांत महाबळेश्वर आणि लोकांची लग्नं आहेत. ‘आई – अंगण’ स्टँडर्डमध्ये आहे. आई म्हणजे माझी आजी. माझ्या जन्माआधी गेली, घरात तिचा एकच फोटो आहे. सुपरचं पुढच्या दिवाळीला बघू.

रिळवेडा
ठीक केलंत. एक लक्षात ठेवा, पडद्याशेजारी बटण असेल तर सहज म्हणून दाबू नका, ते खूण म्हणून फिल्मच्या कडेला खाच पाडतं. आणि हँडल हळू फिरवा. ५० फुटांत चार हजार चौकटी आहेत, सेकंदाला १६ च्या वेगाने जेमतेम चार मिनिटं. घाई केलीत तर दोन मिनिटांत आजी संपेल.

माळ्यावरची_ट्रंक
आत्ता लावलं. पण सगळं उलटं दिसतंय. तुळशीवृंदावन वर लटकलंय, आजी डोक्यावर उभी, आणि पाणी जमिनीतून तांब्यात चढतंय. यंत्र फसलं का?

निवांत_वारजे
स्कॅनरला हा प्रश्नच येत नाही.

रिळवेडा
यंत्र ठीक आहे. शेवटचं कोणीतरी बघितलं आणि परत गुंडाळलं नाही, त्यामुळे शेपूट बाहेर आहे. दुसऱ्या रिळावर सरळ गुंडाळून घ्या आणि मग सुरुवातीपासून ओवा.

नारायणपेठी
पूर कधी?

माळ्यावरची_ट्रंक
गुंडाळलं. तांब्या खाली ठेवून पदराला हात पुसतेय आणि कॅमेऱ्याकडे बघून ‘पुरे’ म्हणतेय बहुतेक. आवाज नाही, पण ओठ तेच आहेत. काका, पूर उद्या.