‘अमेरिकन ग्राफिटी’च्या शेवटच्या चार ओळी, आणि लॉरीचं काय?

नदीकाठ

(शेवट उघड केलाय. पाहायचा असेल तर आधी पाहून या.)

लेकीची बारावी झाली, पुण्यात प्रवेश मिळाला. रविवारी कोयनेने तिला सोडायला जायचंय. फ्रिजवर यादी चिकटवलीय : गादी, बादली, कुलूप, चार हँगर. परवा रात्री म्हटलं, आवराआवर राहू दे, दोघी मिळून एक पिक्चर बघू. लावला जॉर्ज ल्यूकसचा १९७३चा ‘अमेरिकन ग्राफिटी’. मी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा स्वतः हॉस्टेलवर होते.

गोष्ट एका रात्रीची. साल १९६२, उन्हाळा संपत आलेला, कॅलिफोर्नियातलं मोडेस्टो गाव. कर्ट आणि स्टीव्ह सकाळच्या विमानाने कॉलेजला निघायचे आहेत. कर्टला स्कॉलरशिप मिळालीय, तरी त्याचा पाय निघत नाही. स्टीव्ह मात्र जायला अगदी उतावीळ. उजाडेपर्यंत सगळं उलटं होतं. कर्ट जातो आणि स्टीव्ह त्याच्या मैत्रिणीसाठी, लॉरीसाठी, मागे राहतो.

शाळेत नाच चाललेला असताना कर्ट एकटाच व्हरांड्यात जातो, आपल्या जुन्या लॉकरपाशी थांबतो आणि आकडे फिरवतो. लॉकर उघडत नाही, आकडे बदललेले असतात. क्षणभराचा प्रसंग, पण लेकीने तिथेच पिक्चर थांबवला. गेल्याच आठवड्यात ती दाखला आणायला गेली होती, तेव्हा फाटकावरच्या नव्या माणसाने तिला विचारलं होतं, “कुणाकडे काम आहे?” आली तेव्हा काही बोलली नव्हती. त्या रात्री सांगितलं.

शेवटी विमान वर चढतं. खाली रस्त्यावर पांढरी थंडरबर्ड गाडी दिसते. तिच्यातल्या मुलीला कर्टने रात्रभर शोधलेलं असतं. मग आकाश, चार चेहरे, चार ओळी. गाड्यांच्या शर्यती लावणारा त्यांचा मित्र जॉन मिल्नर डिसेंबर १९६४मध्ये दारू प्यायलेल्या ड्रायव्हरमुळे गेला. चौथा मित्र टेरी डिसेंबर १९६५मध्ये व्हिएतनाममधल्या अन लोकजवळ लढाईत बेपत्ता. स्टीव्ह मोडेस्टोतच विमा एजंट. कर्ट लेखक, मुक्काम कॅनडा.

लेक म्हणाली, “आणि लॉरी? डेबी? ती छोटी कॅरल?”

डेबी त्या रात्री टेरीबरोबर फिरलेली, कॅरल मिल्नरच्या गाडीत. मला सांगता येईना. मुलींच्या ओळी का नाहीत? आणि त्या नसूनही हा शेवट मला दर वेळी इतका का लागतो? जाणकारांनी लिहावं.

कॅसेटवाला

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आहे. पटकथा ल्यूकस, ग्लोरिया कॅट्झ आणि विलर्ड हाइक या तिघांची. मुली वगळण्याला कॅट्झचा विरोध होता. ल्यूकसचं म्हणणं पडलं की त्यासाठी पडद्यावर मजकुराची आणखी एक पाटी द्यावी लागेल आणि शेवट लांबेल. समीक्षक पॉलिन केलनेही तेव्हा यावर टीका केली होती. तुमच्या लेकीने नेमक्या जागी बोट ठेवलंय.

शेवट का लागतो याचं माझं उत्तर कानाचं आहे. मी रेकॉर्डिंगचं काम करतो. या पिक्चरला वेगळं पार्श्वसंगीत असं नाहीच. चाळीसेक जुनी गाणी, तीही बहुतेक वेळा कुठल्या तरी रेडिओतून येणारी. सगळ्या गाड्यांत एकच स्टेशन, एकच निवेदक, वुल्फमन जॅक. आवाजाचं काम वॉल्टर मर्चचं. त्याने आणि ल्यूकसने ते गाणी-निवेदनाचं रेकॉर्डिंग उघड्यावर स्पीकरवर वाजवलं आणि पुन्हा टेप केलं. एकाने स्पीकर हलवायचा, दुसऱ्याने माइक. म्हणून गाणं कधी जवळून जातं, कधी भिंतीवर आपटून येतं, कधी वाऱ्याने विरतं. अख्खं गाव एकाच आवाजाखाली जागं आहे असं वाटतं.

आता विमानाचा प्रसंग हेडफोन लावून ऐका. कर्ट कानाला ट्रान्झिस्टर लावून बसलाय. विमान वर जातं तसं स्टेशन खरखरायला लागतं आणि तुटतं. चार ओळी त्यानंतर येतात. गाव कानांतून आधीच सुटलेलं असतं.

पॅसिफिकतीर

मी सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला राहते. गोष्ट मोडेस्टोची, ल्यूकस तिथलाच, पण शूटिंग १९७२मध्ये आमच्या बाजूला झालं. सुरुवात सॅन राफेलला झाली, पण तिथली परवानगी लगेच गेली, मग सगळा संच जवळच्या पेटालुमा गावात आला. तिथल्या मोठ्या रस्त्यावर, बुलेव्हार्डवर, संध्याकाळी उभं राहिलं की गाड्यांची ती रांग डोळ्यांसमोर येते. पोरं जिथे जमतात ते खाण्याचं ठिकाण, मेल्स ड्राइव्ह-इन, मात्र सॅन फ्रान्सिस्कोतलं होतं, ते पाडलं.

मला वाटतं, यातल्या सालांकडे नीट बघायला हवं. नोव्हेंबर १९६३मध्ये केनेडींची हत्या झाली. १९६५मध्ये अमेरिकेचं सैन्य मोठ्या संख्येने व्हिएतनामला उतरलं. सैन्यभरती टाळण्यासाठी कितीतरी तरुण कॅनडात गेले. कर्टच्या ओळीत कारण दिलेलं नाही. १९७३च्या प्रेक्षकाला ते सांगावं लागत नव्हतं, थिएटरातल्या कितीतरी जणांच्या घरी एखादा टेरी होता. आणि पडद्यावरची पोरं रात्रभर गाड्या फिरवतायत, त्यांना यातलं काहीच माहीत नाही. मिल्नर एवढंच म्हणतो की हा रस्ता आता आखूड झालाय, पूर्वी एक फेरी मारायला टाकीभर पेट्रोल लागायचं.

उंबरठा

दोघांचंही पटतंय, तरी मला हा शेवट अपुराच वाटतो. पाटी लांबेल हे कारण मी मान्य करत नाही. कॅंडी क्लार्कला याच डेबीसाठी ऑस्कर नामांकन मिळालं. पिक्चरला मिळालेल्या पाच नामांकनांपैकी अभिनयाचं तेवढं एकच. बारा वर्षांची मॅकेन्झी फिलिप्स कॅरल म्हणून मिल्नरसारख्या माणसाला रात्रभर बोलतं करते. आणि लॉरी तर पहाटेच्या शर्यतीत मिल्नरच्या प्रतिस्पर्ध्याच्या, फाल्फाच्या, गाडीत बसलेली असते, ती गाडी उलटते, पेटते. मरता मरता वाचलेली ती. तिच्या वाट्याला स्टीव्हच्या विम्याच्या ओळीतला अर्धा शब्दही नाही.

माझ्या आईच्या वर्गाचा एक फोटो घरी आहे. मागे मुलांची नावं लिहिलीत. मुलींच्या जागी फक्त आकडा, ‘मुली ७’. त्यातली चौथी आई. हा पिक्चर मला मनापासून आवडतो, आणि तो संपला की तो फोटो आठवतो.

नदीकाठ

सगळ्यांचे आभार. काल रात्री हेडफोन लावून पुन्हा पाहिला, एक कान तिला, एक मला. ट्रान्झिस्टर तुटतो तिथे तिने माझा हात धरला.

या वेळी आम्ही दोघी रेडिओ स्टेशनच्या प्रसंगावरही अडकलो. फ्रिज बिघडलाय म्हणून वितळणाऱ्या आइसफ्रूट्स खात बसलेला तो माणूस कर्टला सांगतो की वुल्फमन इथे नसतो, तो जगभर फिरतो, त्याच्या टेप येतात. बाहेर पडताना कर्ट काचेतून पाहतो, तर तोच माणूस माइकवर वुल्फमन होऊन बोलतोय. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला तो प्रसंग गमतीचा वाटला होता. काल त्या माणसाच्या चेहऱ्यावरून माझी नजर हटेना. जग फार सुंदर आहे, जा, असं तो पोराला सांगतो आणि स्वतः त्या खोलीत आइसफ्रूट चोखत बसतो.

उंबरठा, तुमच्या आईचा फोटो मी लेकीला वाचून दाखवला. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “आई, लॉरी कर्टची धाकटी बहीण ना? तिची शाळा अजून एक वर्ष आहे. म्हणजे तिची रात्र पुढच्या उन्हाळ्यात, १९६३मध्ये. ती कुणी दाखवलीच नाही.”

हे मला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं.

यादीतलं कुलूप आज आणलं. आकड्यांचं होतं, तिने परत करून किल्लीचं घ्यायला लावलं. एक किल्ली माझ्याकडे ठेवलीय.