भाड्याने द्यायला फ्लॅट: पाथर्डी फाटा की थेट हैदराबाद?

पंचवटीकर
नमस्कार मंडळी. पिंपळगावच्या वडिलोपार्जित मळ्यातल्या वाट्याचे साधारण पन्नास लाख हातात आलेत. दोन वर्षांत मी सातपूरच्या कंपनीतून रिटायर होतोय, पेन्शन नावापुरती. एक फ्लॅट घेऊन भाड्याने द्यावा असं डोक्यात आहे. हिचं म्हणणं, इथे नाशिकलाच पाथर्डी फाट्याला रीसेलमध्ये टू बीएचके 45 लाखांत मिळतोय, भाडेकरूसकट, तो घ्या. येताजाता नजर राहील. मुलगा हैदराबादला आयटीत आहे. तो म्हणतो, "बाबा, तिथे महिना तेरा हजार येणार. थोडं कर्ज काढू आणि तेल्लापूरला घेऊ, इथे तीस कुठे गेले नाहीत." रोज रात्री जेवताना हाच विषय, आमटी गार होते. तुम्ही काय कराल?

इंदिरानगरी
काका, माझा एक फ्लॅट 2014 पासून भाड्याने आहे. आधी आकडे मांडतो, मग मत.

45 लाखांवर 6 टक्के स्टॅम्प ड्युटी म्हणजे 2 लाख 70 हजार, नोंदणी 30 हजार. झाले 48 लाख, एजंटाचे वेगळे. (काकूंच्या एकटीच्या नावावर घेतलात तर ड्युटीत एक टक्का वाचतो.) भाडं 13 हजार, पण बारा महिने धरू नका, अकरा धरा. 1 लाख 43 हजार. त्यातून मेंटेनन्स 18 हजार, घरपट्टी-पाणीपट्टी 6 हजार, रंग, नळ, गीझर यांना 15 हजार. उरले 1 लाख 4 हजार. म्हणजे वर्षाला सव्वादोन टक्केही सुटत नाहीत. एफडी याच्या तिप्पट देते.

आणि तरीही मी नाशिकच म्हणेन. मागच्या पाडव्याला सकाळी गुढी उभारत होतो, तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या वहिनींचा फोन: तुमच्या फ्लॅटमधून आमच्या देवघरात पाणी ठिबकतंय. भाडेकरू गावी गेलेला. दुसरी किल्ली माझ्याकडे होतीच. सिडकोतल्या ओळखीच्या प्लंबरला वाटेत स्कूटरवर घेतलं. फ्लशच्या टाकीचा कॉक गेलेला, साडेचारशे रुपयांत काम झालं आणि अकराला मी श्रीखंड-पुरीला घरी. हेच हैदराबादला झालं असतं तर?

बाहेरच बरं
स्वतःच सांगायचं की एफडी तिप्पट देते आणि वर म्हणायचं नाशिकच घ्या. कळतं पण वळत नाही, दुसरं काय!

मी राहतो गंगापूर रोडला, पण भाड्याचा फ्लॅट बेंगळुरूत व्हाइटफिल्डला, 2016 पासून. सुरुवातीला 19 हजार भाडं होतं, आज 38. त्याच काळात आमच्या मेव्हण्याचं अशोका मार्गावरचं भाडं 9 वरून 13 वर आलं. घर तेच, भिंती त्याच. फरक भाडेकरूच्या पगाराचा आहे. आपल्याकडे अंबड-सातपूर, सिन्नर आणि ओझरचे कारखाने. शिकलेली पोरं पुण्याला जातात, मग वीस हजार भाडं देणार कोण? मेव्हण्याने तो फ्लॅट "मेट्रो येणार" म्हणून घेतला होता. 2021 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नाशिक मेट्रोसाठी 2,092 कोटी जाहीर झाले तेव्हा त्याने पेढे वाटले होते. पेढे संपले. नाशिक-पुणे रेल्वेमार्ग नारायणगावच्या रेडिओ दुर्बिणीपाशी अडला ती वेगळीच कथा.

कुंभ स्पेशल
माझं ऐका, पंचवटीत जुनं काहीतरी घ्या आणि होमस्टे करा. 2027 मध्ये एका सिंहस्थात पाच वर्षांचं भाडं निघेल.

रामकुंडाजवळची
दादा, 2015 ला आम्ही वरच्या दोन खोल्या रंगवून, गाद्या आणून बसलो होतो. पहिल्या शाहीस्नानाला गल्लीच्या तोंडाशी बॅरिकेड. भाविक लांबच उतरवलेले, आमच्यापर्यंत पोचलेच नाहीत. गाद्या पुढे लग्नाच्या वऱ्हाडाला कामी आल्या. बारा वर्षांतून एकदा येणाऱ्या गर्दीवर घर घेऊ नका.

गोदाकाठची ताई
पंचवटीकर दादा, हैदराबादचं माझ्याकडून ऐका. नोकरीत असताना आम्ही मियापूरला फ्लॅट घेतला, बदली झाली तसे नाशिकला परतलो. देखभालीला तिथली एक एजन्सी ठेवली. भाडेकरू शोधणं, भाडं गोळा करणं, सगळं त्यांच्याकडे. दर वर्षी एका महिन्याचं भाडं त्यांची फी. चार वर्षं सुरळीत.

मग भाडेकरू गेला. एजन्सी म्हणे, मॅडम, मार्केट डाऊन आहे, फ्लॅट रिकामा आहे. एक महिना, दोन महिने, तीन. विजेचं बिल माझ्या नावावर, मी ते इथून ऑनलाइन भरायची. तिसऱ्या बिलावर युनिट बघितले: 214. रिकाम्या घरात 214 युनिट! मागची दोन बिलंही काढली, तीही तशीच. मी आकडा बघून पैसे भरत होते, युनिटकडे लक्षच नव्हतं. देवगिरी एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास करून गेलो. बेल वाजवली तर आत चार मुलं, एकाच्या हातात दात घासायचा ब्रश. दर महिन्याला अठ्ठावीस हजार रोख देत होती बिचारी, करार वगैरे काही नाही. मुलांचा दोष नव्हता. त्यांना चहा मीच करून दिला, माझ्याच ओट्यावर.

बाहेरच बरं
ताई, वाईट झालं. पण एक माणूस लबाड निघाला म्हणून शहराला कशाला नावं ठेवायची? नाशिकरोडला पण भाडेकरू घर सोडत नाहीत, कोर्टात तारखा पडतात.

गोदाकाठची ताई
शहराला कुठे ठेवली? मी म्हणते, इथे असता तर तुम्हाला पहिल्याच आठवड्यात बाल्कनीत वाळत घातलेले कपडे दिसले असते.

इंदिरानगरी
+1. आणि नाशिकरोडच्या त्या तारखा बहुतेक तोंडी व्यवहारांच्या. लिव्ह अँड लायसन्स करार रजिस्टर करणं आपल्या राज्यात कायद्यानेच बंधनकारक आहे आणि ती जबाबदारी मालकाची. आता अंगठा लावून घरबसल्या होतं. हजार-दोन हजार वाचवायला लोक शंभराच्या स्टॅम्पवर लिहून देतात, मग वकिलाला लाख घालतात. सोसायटीवाल्यांनी बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नाही म्हणून लावतात ते) म्हणून वाट्टेल ती रक्कम लावली तरी ऐकू नका, सेवा शुल्काच्या 10 टक्क्यांवर घेता येत नाही.

आकडेमोड
करांचं थोडक्यात. भरलेली घरपट्टी वजा करून उरलेल्या भाड्याच्या 30 टक्के सरसकट वजावट मिळते, नाशिक असो की हैदराबाद. मुलाने काढलेल्या कर्जाची गोम अशी की नव्या करप्रणालीत व्याज भाड्यापेक्षा जास्त झालं तर तो तोटा पगारातून वजा होत नाही. जुन्या प्रणालीत 2 लाखांपर्यंत होतो. आणि कर्ज त्याच्या नावावर, घर तुमच्या नावावर असा घोळ घालू नका. माझं मत विचाराल तर 50 लाखांपैकी काही रीटमध्ये टाका, म्हणजे भाड्याच्या इमारतींत सामायिक गुंतवणूक करणाऱ्या ट्रस्टमध्ये. 2019 पासून आपल्याकडे शेअर बाजारात आहेत, वाटपयोग्य रकमेच्या 90 टक्के वाटावेच लागतात, आणि फ्लशचा कॉक बघायला जावं लागत नाही.

बाहेरच बरं
रीटला खिडकी नसते हो. रिटायर माणसाला आपलं म्हणून दाखवायला चार भिंती लागतात.

आकडेमोड
मग व्हाइटफिल्डच्या खिडकीत तुम्ही शेवटचे कधी उभे राहिलात?

मु.पो. गचीबावली
मूळचा सटाण्याचा, अकरा वर्षं इथे हैदराबादला. भाड्याबद्दल मुलगा खरं बोलतोय. पण काका, त्याला एकच विचारा: प्रोजेक्टला रेरा नंबर (गृहप्रकल्पाची सरकारी नोंदणी) आहे का? इथे प्री-लाँचचं मोठं खूळ होतं. इमारतीला परवानगी नाही, रेरा नाही, पण जमिनीतला अविभक्त हिस्सा तुमच्या नावावर करून देतात आणि म्हणतात, चौरस फुटाला निम्मा भाव, पण सगळे पैसे आत्ताच. पुष्कळांचे अडकलेत. दुसरं, जागा तलावाच्या पूररेषेत नाही ना ते बघा. 2024 मध्ये हायड्रा नावाची यंत्रणा आली आणि तलावातली बांधकामं पाडायला लागली. आपल्याकडे सातबारा आणि इंडेक्स टू (दस्तनोंदणीचा गोषवारा) स्वतः वाचता येतात. इथे ईसी (मालमत्तेवर बोजा आहे का ते सांगणारा दाखला) काढायची आणि जुने दस्त तेलुगूत. अकरा वर्षांनीही मी वकिलाशिवाय सही करत नाही.

पंचवटीकर
सगळ्यांचे आभार. दोन गोष्टी झाल्या.

मुलाला रेरा नंबर विचारला. आधी म्हणाला पाठवतो. मग म्हणाला "प्रोसेसमध्ये आहे". मग कळलं की त्याने मित्राच्या शब्दावर दोन लाख टोकन देऊन ठेवलंय. हिला अजून माहीत नाही, कृपया कोणी ओळखीचं असेल तर बोलू नका.

दुसरी गोष्ट. काल संध्याकाळी एकटाच पाथर्डी फाट्याला गेलो, एजंटाला न सांगता. वॉचमनला विचारून वर गेलो. भाडेकरू अंबडला सुपरवायझर आहे, जळगावकडचा, चांगला माणूस. त्याची मुलगी दारातच पाढे म्हणत होती. मी विचारलं, तेरा जरा जास्त नाही वाटत का? तो म्हणाला, "कसले तेरा काका, साडेअकरा देतो. आणि उन्हाळ्यात टँकरचे पैसे मालक देतात, ते तेवढं तुम्ही पण चालू ठेवा."

सकाळपासून एजंटाला तीनदा फोन केला. उचलत नाहीये.