ट्रामच्या शेवटच्या थांब्यावर बस कशा जोडाव्यात?

कच्चा_आराखडा

नमस्कार. वास्तुरचनेच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि प्रकल्पासाठी ट्राम-बस टर्मिनस घेतलंय. शहर काल्पनिक, जमीन सपाट, साधारण १२० बाय ७० मीटर. ट्राम ४० मीटर लांबीची, दर १० मिनिटांनी. तिथून पुढे पाच बसमार्ग: दोन दर १० मिनिटांनी, तीन दर ३० मिनिटांनी. वाहतूक रस्त्याच्या डाव्या बाजूने.

माझ्या आराखड्यात बस अर्धवर्तुळात तिरप्या उभ्या राहतात, ट्राम एका टोकाला येते, मध्ये झाडं, बाकं आणि मोकळं अंगण. वर एकच मोठं छत. फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गच्या होएनहाइम-नॉर्द टर्मिनसचे (वास्तुरचनाकार झाहा हदीद, २००१) फोटो पाहून हे सुचलं. आमच्या मार्गदर्शक म्हणाल्या, "दिसतंय छान, पण उतारू कुठून कुठे जाणार ते दाखव." नेमकं तेच दाखवता येत नाहीये. सुरुवात कुठून करू?

---

फेरीनियोजक

सुरुवात संध्याकाळी घरी परतणाऱ्या माणसापासून करा. माझी सगळी नोकरी ट्राम आणि बसची वेळापत्रकं लावण्यात गेली, त्या जोरावर हे ठामपणे सांगतो. सकाळी बसमधून उतरलेल्याची ट्राम चुकली तर १० मिनिटांत दुसरी येते. संध्याकाळी ट्राममधून उतरलेल्याच्या डोळ्यांदेखत अर्ध्या तासाची बस सुटली, तर तो अर्धा तास ताटकळत बसतो. म्हणजे टर्मिनसची खरी परीक्षा ट्रामकडून बसकडे जाताना होते. बहुतेक आराखड्यांत मात्र मानाची जागा ट्रामला मिळते आणि बस उरलेल्या कोपऱ्यात जातात.

आता तुमचं अंगण मोजा. ट्रामच्या दारापासून शेवटच्या बसपर्यंत १०० मीटर तरी असतील. तरणा माणूस ते दीड मिनिटात काटेल. गुडघे दुखणारी बाई किंवा लहान मूल हाताशी धरलेला बाप सेकंदाला ०.८ मीटरच्या वर जात नाही, त्यांना दोन मिनिटांहून जास्त लागतील. त्यात मध्ये बसचा रस्ता ओलांडायचा. झाडं जरूर लावा, पण माणसांच्या वाटेत नको, वाटेच्या कडेला.

रेघ ओढण्याआधी एका तासाचं वेळापत्रक कागदावर मांडा. अर्ध्या तासाच्या तिन्ही बस ५७ व्या मिनिटाला येतात आणि माणसं उतरवतात. ०० ला ट्राम येते. ०४ ला तिन्ही बस एकदम सुटतात, ०५ ला ट्राम परत फिरते. दोन्हीकडच्या माणसांना गाडी मिळते आणि ड्रायव्हरला पाय मोकळे करायला चार मिनिटं मिळतात. पण याची किंमत जागेत मोजावी लागते, कारण तिन्ही बस एकाच वेळी उभ्या असणार. किती बसना जागा हवी हे असं वेळापत्रक ठरवतं. आणि फेऱ्यांमधलं अंतर १०, २०, ३० याच पटीत ठेवा. ट्राम दर १० आणि बस दर १२ मिनिटांनी असेल तर एखाद्या ट्रामच्या उतारूला बस २ मिनिटांत मिळते, दुसऱ्याला थांबावं लागतं १०. असल्या जोडणीवर कोणी विसंबत नाही.

मग फलाट. बसला दार फक्त डावीकडे, म्हणून तुमच्या ट्रामला दारं एका बाजूला आहेत की दोन्ही, हे पहिलं विचारा. एकाच बाजूला असतील तर ट्राम फिरवायला वळसा लागतो आणि तुमची निम्मी जमीन त्यातच जाते. दोन्ही बाजूंना असतील तर रूळ सरळ आत आणून संपवा आणि दोन्हीकडे फलाट द्या. ट्राम उत्तरेकडे तोंड करून येते असं धरा. तिच्या डाव्या फलाटाच्या पलीकडच्या कडेला बाहेरून आलेली बस दक्षिणेकडे तोंड करून लागते, तिथे माणसं उतरतात. मग ती फलाटाच्या दक्षिणेला रूळ ओलांडून वळते आणि उजव्या फलाटाच्या पलीकडे, उत्तरेकडे तोंड करून, ट्रामची वाट पाहत उभी राहते. दोन्ही वेळा तिचं दार फलाटाकडेच. संध्याकाळचा माणूस ट्रामच्या उजव्या दारातून उतरतो आणि चार मीटर चालून बसमध्ये चढतो, एकही रस्ता न ओलांडता. जपानमध्ये तोयामाच्या इवासेहामा टर्मिनसवर २००६ मध्ये ट्राम आणि पुढची बस अशीच एका फलाटाच्या दोन कडांना आणली गेली.

दोन गोष्टी मोजून घ्या. बसला वळायला बाहेरची त्रिज्या १२.५ मीटर लागते, म्हणजे वळणाशी २५ मीटर रुंदी. फलाट, रूळ आणि बसची लेन मिळून १७-१८ मीटरच होतात, तेव्हा त्या टोकाला जागा फुगवावी लागेल. दुसरी गोष्ट उंचीची. लो-फ्लोअर ट्रामला फलाट साधारण ३० सेंटिमीटर लागतो, बसला त्याहून कमी. चार मीटर रुंद फलाटाला २ टक्के आडवा उतार दिलात की ट्रामकडे ३० आणि बसकडे २२ मिळतात. पाणी मात्र बसच्या कडेला येणार, तिथे झाकलेली नाली हवी.

एका मोठ्या छताचा मोह सोडा. ट्रामची तार साडेपाच-सहा मीटरवर असते, छत तिच्या वर न्यावं लागतं आणि तेवढ्या उंचीवरून पाऊस तिरका आत येतो. प्रत्येक फलाटावर वेगळं, खालचं छत द्या.

---

पांढरी_काठी

मला दिसत नाही, त्यामुळे मोकळ्या अंगणाबद्दल बोलायलाच हवं. अंगणात काठीला काही लागत नाही. आवाज चारी बाजूंनी येतात आणि चार पावलांत दिशा हरवते. वरचा सरळ फलाट मला चालेल, कारण त्याला धरून चालता येईल अशी कड आहे. पायाला आणि काठीला जाणवणाऱ्या उठावाच्या फरश्या सगळ्यांना माहीत असतात. सेइइची मियाके यांनी त्या शोधल्या आणि १९६७ मध्ये ओकायामात पहिल्यांदा बसवल्या. पण त्या फरश्या मला फक्त एका जागेपर्यंत नेतात. त्या जागी माझीच बस असेल, ही खात्री आराखड्याने द्यायची असते. बस आज पहिल्या जागी, उद्या तिसऱ्या असं झालं तर बोर्ड न वाचता येणारा माणूस दर दारात जाऊन विचारत बसतो, आणि तेवढ्यात चार मिनिटं संपतात. इलेक्ट्रिक बस उभी असताना आवाजही करत नाही. कृपा करून प्रत्येक मार्गाच्या पुढच्या दाराची जागा कायमची ठरवा.

---

कच्चा_आराखडा

मनापासून आभार, सगळा आराखडा पुसून परत काढतेय. दोन शंका. १० मिनिटांच्या बसमध्ये माणसं जास्त, मग सगळ्यात जवळची जागा त्यांना नको का? आणि ४० मीटरच्या कडेला १२ मीटरच्या तीन बस मागेपुढे जेमतेम मावतात. जागा कायमच्या ठरवल्या आणि पुढची बसच उशिरा आली तर?

---

फेरीनियोजक

पहिलीबद्दल माझं मत बदलणार नाही. १० मिनिटांची बस चुकली तर १० मिनिटं जातात, त्या बस त्याच फलाटाच्या पुढच्या टोकाला ३० मीटरवर ठेवा. वाट सलग आणि छताखालची हवी, मध्ये रस्ता नको. फलाटाची समोरची कड मात्र अर्ध्या तासाच्या बसचीच.

दुसरी शंका रास्त आहे. तिन्ही बस एकदम सुटतात म्हणून मी त्या खेटून उभ्या धरल्या होत्या. पण कायमची जागा देण्याबद्दल वर जे लिहिलंय त्याचं मोल मोठं आहे. बसकडची कड ट्रामपेक्षा लांब करा, ६० मीटर. दोन बसमध्ये एका बसइतकी मोकळी जागा राहील. त्यामुळे दहा मिनिटांच्या बस आणखी २० मीटर पुढे सरकतील, ते मला मान्य आहे.

---

डावा_आरसा

बस चालवतो, म्हणून लिहितो. एक बस उभी असताना तिच्या पुढच्या मोकळ्या जागेत शिरायचं तर बस तिरकीच लागते. पुढचं चाक कडेला टेकतं, मागचं दार अर्धा मीटर लांब राहतं आणि व्हीलचेअरवाला तिथेच अडकतो. फलाट उंच असेल तर बसचं नाक त्यावर घासतं ते वेगळंच. जर्मनीत कासेलमध्ये यावर खास घडणीचा कडेचा दगड निघाला. त्याची बाजू खोलगट असते, टायर तिला लागून आपोआप सरळ होतो. पण तोसुद्धा सरळ आलेल्या बसलाच उपयोगी. म्हणून जो मार्ग गर्दीच्या चौकातून येतो आणि नेहमी उशीर करतो, त्याला सगळ्यात मागची जागा द्या. त्याला कोणाला वळसा घालावा लागणार नाही. शेजारी एक लेन मोकळी ठेवा, बंद पडलेल्या बसमागे बाकीच्या कोंडायला नकोत.

फलाटाच्या समोरासमोर ट्राम लागली की धावत येणारा माणूस मला डाव्या आरशात दिसतो. तिरप्या जागेत पाठीमागून येणारा दिसतच नाही, आणि मग लोक म्हणतात ड्रायव्हरने मुद्दाम सोडलं. ट्राम दोन मिनिटं उशिरा असेल तर ते कळवणारा एक दिवा बसच्या नाकासमोर, खांबावर लावा. बऱ्याच शहरांत असतो. थांबायचं की निघायचं हे एकट्या ड्रायव्हरच्या मर्जीवर सोडू नका. आणि आमचं स्वच्छतागृह या कडेला, पहिल्या बसपाशीच ठेवा. ते टर्मिनसच्या दुसऱ्या टोकाला गेलं, तर त्या चार मिनिटांत जाऊन परत येणं होत नाही आणि ०४ ची बस ०७ ला सुटते.