झिर्कोनियाची कॅप म्हणे आयुष्यभर टिकते!

कुडाळचा लॅबवाला
काल इथे एका ताईंनी लिहिलं: 'दाढेला कॅप घालायची तर झिर्कोनियाचीच. १२०० मेगापास्कल ताकद, आयुष्यभर बघायला नको. ई-मॅक्स म्हणजे काच आणि मेटल-सिरॅमिक बसवणारा डॉक्टर लुटारू.' (ई-मॅक्स म्हणजे काच-सिरॅमिकची कॅप; मेटल-सिरॅमिक म्हणजे आत धातू, वर पोर्सेलिन; मेगापास्कल हे ताकदीचं माप.) खाली लोकांनी धडाधड लाइक ठोकले. मी रोज याच कॅपा बनवतो, म्हणून गप्प बसवेना.

झिर्कोनिया हे मजबूत सिरॅमिक, पण ती एकाच जातीची नसते. ३ टक्के यट्रियावाली (यट्रिया म्हणजे तिच्यात मिसळलेलं दुसरं ऑक्साइड) असते ती पांढरीफट्ट, ताकद ९०० ते १२००. तिच्यात भेग सरकायला लागली की भेगेच्या टोकाजवळचे कण आपली स्फटिकरचना बदलतात, साधारण ४ टक्के फुगतात आणि भेग तिथेच दाबून धरतात. १९७५ साली 'नेचर'मध्ये हे छापून आलं तेव्हा शीर्षकातच 'सिरॅमिक पोलाद?' असा प्रश्न होता. पण दिसायला छान, खऱ्या दातासारखी झळाळी असलेली जी तुम्हाला दाखवतात, तिच्यात यट्रिया ५ टक्के असतं. तिथे हे फुगणं जवळपास होतच नाही. ताकद ५०० ते ७००च्या आसपास. कार्डावर मात्र दोन्हींना नुसतं 'झिर्कोनिया'.

आता आमच्या टेबलावर काय येतं ते ऐका. दाढेचं माप येतं, त्यात एका कडेला जेमतेम अर्धा मिलिमीटर जागा. दात पुरेसा घासलेलाच नाही. खडूसारख्या मऊ ब्लॉकमधून आम्ही कॅप मुद्दाम मोठी कोरतो, कारण १५०० अंशांच्या भट्टीत ती पाचव्या हिश्श्याने आकसते. सगळं नीट जमून कॅप जाते, आणि बसवताना चावा उंच लागला की डॉक्टर बर (घासायचं टोक) फिरवतात आणि पॉलिश न करताच पेशंटला घरी धाडतात. त्या ओरखड्यांतूनच पुढे भेग जाते. वर समोरचा दात झिजतो तो वेगळाच. चकचकीत पॉलिश केलेली झिर्कोनिया समोरच्या दाताला फारशी खात नाही, खरखरीत खाते. हे कुठल्या मेगापास्कलमध्ये दिसणार?

रत्नागिरीची वाचक
ती पोस्ट माझी. 'लुटारू' लिहिलं ते रागाने, आणि राग अजून गेलेला नाही. बाबांच्या मेटल-सिरॅमिक कॅपवरचं पोर्सेलिन ऐन गणपतीत उडालं, आतला काळा धातू दिसायला लागला. दवाखान्यात म्हणाले, दुरुस्त होत नाही, नवीन करा. पूर्ण पैसे पुन्हा. माणूस हसताना तोंडावर हात धरायला लागला, त्याला तुमच्या भट्टीचं काय सांगू? अख्खी झिर्कोनिया असती तर वरचा थर उडायचा प्रश्नच नव्हता.

मालवणी माणूस
गाववाल्यांनू, तुमचो मेगापास्कल तुमका लखलाभ. माझ्या आवशीच्या दाढेर निस्त्या धातूची कॅप आसा, वयर थर नाय. आजून कुर्लेचे डेंगे ती दातांनीच फोडता. मागची दाढ कोणाक दिसता? पण आता ती कॅप कोण सुचवतच नाय.

दापोलीचा दंतवैद्य
मागच्या दाढेला पूर्ण धातूची कॅप हा आजही उत्तम पर्याय आहे. आम्ही सुचवतो, पेशंटच 'चांदीचा दात नको' म्हणतो.

ताई, आकडेच हवे असतील तर २०१५च्या एका मोठ्या आढाव्यात ५ वर्षांनी टिकलेल्या कॅपा अशा: मेटल-सिरॅमिक ९४.७ टक्के, ई-मॅक्सच्या जातीच्या काच-सिरॅमिक ९६.६, झिर्कोनिया ९२.१. म्हणजे 'काच' पुढे. कारण ती ॲसिडने खरवडून रेझिनने दाताला चिकटवता येते, मग भार दात आणि कॅप मिळून घेतात. झिर्कोनिया तशी खरवडता येत नाही, म्हणून आखूड दातावरून ती अख्खीच्या अख्खी निघून येते.

आणि एक राहिलं. इकडे कॅपा फुटतात त्यात सुपारीचा वाटा मोठा. रोठा सुपारी दाढेखाली घेऊन बसायचं आणि दोष मटेरियलला द्यायचा.

श्रीवर्धनचा बागायतदार
आली सुपारी! काहीही झालं की सुपारी. ३ जून २०२० ला निसर्ग वादळात आमची वाडी आडवी झाली. आजोबांनी लावलेली झाडं होती. नवीन रोप धरायला पाच-सात वर्षं जातात. तेव्हा पंचनाम्याला लोक फिरकले नाहीत, आणि आता दाताचे डॉक्टर आमच्या पिकावर खापर फोडतायत. आमच्या घरात म्हातारी माणसं अडकित्त्याने कातरून खायची. अख्खं खांड दाढेखाली फोडायला सांगितलं कोणी?

दापोलीचा दंतवैद्य
तुमच्या नुकसानीबद्दल मनापासून वाईट वाटतं. पण सुपारी कर्करोगाला कारण ठरते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ सालीच जाहीर केलंय, तंबाखूशिवाय खाल्लेल्या सुपारीसकट. सुपारी खाऊन तोंड उघडत नाही असे तरुण माझ्या खुर्चीत येतात, दोन बोटंसुद्धा आत जात नाहीत. तिथे कॅपचं माप कसं घेऊ? हे लपवून मी तुमचं भलं करत नाही.

श्रीवर्धनचा बागायतदार
मग सरकारने पर्यायी पीक द्यावं, खर्च द्यावा. नुसता उपदेश नको. पुड्यांमधून विकतात त्यांना काही म्हणत नाही, वाडीवाल्याला धरता. लग्नाच्या विड्यात सुपारी तुम्हालाही लागतेच.

चिपळूणची गृहिणी
अहो, कॅपवर बोला! माझी दाढ उद्या घासायची आहे आणि तुम्ही वाड्या मोजताय. झोपेत दात खाते मी, माझं काय?

कुडाळचा लॅबवाला
रात्री दात खात असाल तर मागच्या दाढेला ३ टक्केवाली अख्खी झिर्कोनिया नाहीतर धातू, आणि रात्री घालायचा नाइट गार्ड डॉक्टरांकडून आधी मागा. 'ब्लॉक कुठला, ३ की ५' हे लिहून घ्या. बसवताना घासली तर तिथल्या तिथे पॉलिश करून द्यायला सांगा.

रत्नागिरीच्या ताईंचं एक बरोबर आहे, मानायला जड जातंय तरी लिहितो. डॉक्टरांच्या आढाव्यातली झिर्कोनिया बहुतेक वर पोर्सेलिनचा थर दिलेली होती, आणि उडायचा तो थरच. अख्ख्या झिर्कोनियाला तो आकडा लावणं योग्य नाही.

रत्नागिरीची वाचक
एवढं मान्य करायला इतका वेळ लागला. ठीक. 'आयुष्यभर' हा शब्द मी काढते. 'लुटारू' काढणार नाही, बाबांचे पैसे कोणी परत दिलेले नाहीत.

दापोलीचा दंतवैद्य
थर उडण्याबद्दल लॅबवाल्यांचं म्हणणं मान्य. आखूड दाताबद्दल माझं म्हणणं कायम.

श्रीवर्धनचा बागायतदार
सुपारीचा वेगळा धागा काढा. तिथे आकडे घेऊन या, मी वाडीचा हिशेब घेऊन येतो.