मार्चअखेर स्लॅप्टनला चपटे मासे: आमिष कोणतं, आणि तळून खाता येतील का?

देवबागचो झील
मूळ गाव देवबाग, सध्या मुक्काम इंग्लंडमधलं एक्सेटर. गावाला रापणीचा दोर ओढलाय, पागही टाकलाय, पण रॉड इथे आल्यावरच हातात धरली. मार्चच्या शेवटच्या शनिवारी डेव्हनमधल्या स्लॅप्टन सँड्सला, टॉरक्रॉसच्या बाजूला जायचं ठरतंय. प्लेस हा चपटा मासा किनाऱ्याकडे यायला लागलाय असं कळलं. रॉड बारा फुटी, शिसं पाच औंसांचं. आमिष काय लावू? किती लांब फेकू? लायसन्स लागतं का? शिवाय बायको विचारतेय, आपल्या लेप्यासारखा रव्यात तळता येईल का?

प्लिमथची मावशी
वहिनींचा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा, म्हणून तो आधी घेते. मार्चमधला प्लेस तळू नका. हिवाळ्यात बाहेर खोल पाण्यात अंडी घालून तो आत्ता कुठे काठाकडे वळलेला असतो. गाबोळी रिकामी, अंगावर मांस नाही, उन्हासमोर धरला तर आरपार उजेड दिसावा इतका पातळ. जे काही मांस असतं ते पाणचट. तव्यात पडल्या पडल्या पाणी सुटतं आणि रवा वेगळा, मासा वेगळा. तोच मासा जूनपर्यंत शिंपल्या आणि किडे खाऊन जाडजूड होतो, तेव्हा खुशाल तळा. 27 सेंटीमीटरच्या आतला तर कधीच ठेवायचा नाही, तो कायदाच आहे.

पण उपाशी असतो म्हणूनच आत्ता पकडायला मजा येते. प्लेस वासापेक्षा नजरेवर जास्त चालतो, त्यामुळे पाणी नितळ हवं. स्लॅप्टनचं तोंड पूर्वेला आहे. पश्चिमेचा वारा कितीही सुटला तरी तिथे आडोसा मिळतो. पूर्वेचा दोन दिवस वाहिला असेल तर पाणी गढूळ होतं, मग घरीच बसा. पेट्रोल वाचेल.

आमिष म्हणजे लगवर्म, वाळूतला गांडुळासारखा किडा. लांब दांडीच्या बारीक गळावर डोक्याकडून ओवायचा, टोकाला माकुलाची बोटभर पट्टी लावायची म्हणजे किडा घसरत नाही. प्लेसचं तोंड लहान, मोठा गळ त्याच्या कामाचा नाही. गळाच्या वर तंगुसात तीन-चार रंगीत मणी ओवा. मणी वाळूवर हलले की मासा बघायला येतो. लग वर्तमानपत्रात गुंडाळून फ्रिजमध्ये राहतो. तो कुठल्या कप्प्यात ठेवायचा यावर आमच्या घरी अजून एकमत झालेलं नाही.

आता फेक. नवीन रॉड घेतली की सगळ्यांना फ्रान्स गाठायचा असतो! तिथला काठ उभा उतरतो, पाणी लगेच खोल होतं. पहिली फेक तीस मीटरवर टाका. मिनिटभर थांबा, मग रीलचे दोन वेढे घ्या, पुन्हा थांबा. शिसं खडीवरून सरकलं की धूळ उडते आणि प्लेस त्या धुळीमागे येतो. रॉडचं टोक बारीक थरथरलं की लगेच हिसका मारू नका. थोडी ढील द्या, त्याला नीट गिळू द्या.

समुद्रात गळ टाकायला लायसन्स लागत नाही. मागचं स्लॅप्टन ली हे गोड्या पाण्याचं तळं, तिथले नियम वेगळे, तिकडे वळू नका.

टाइनकाठी
मावशींशी बहुतेक सहमत. एक भर घालतो. पाच औंसांचं शिसं साध्या तंगुसावर फेकू नका. फेकताना तंगूस तुटला तर शिसं गोळीसारखं सुटतं, आणि किनाऱ्यावर माणसं फिरत असतात. पुढे लीडर, म्हणजे जाड तंगुसाचा तुकडा, बांधा. शिशाच्या दर औंसाला दहा पौंड ताकद हा हिशेब, म्हणजे तुम्हाला पन्नास पौंडांचा.

आमच्या ईशान्य इंग्लंडात या दिवसांत प्लेसपेक्षा फ्लाउंडर हा दुसरा चपटा मासा जास्त, तोही अंडी घालून खाडीत परतताना. ओळखायची सोपी युक्ती: पाठीवरून बोट फिरवा. प्लेस गुळगुळीत, नारिंगी ठिपक्यांचा, डोळ्यांमागे हाडाच्या गाठींची रांग. फ्लाउंडरला मधल्या रेषेजवळ आणि परांच्या मुळाशी खरखरीत खडे लागतात. ठिपक्यांवर विसंबू नका, फ्लाउंडरवरही कधी फिकट ठिपके असतात. मण्यांबद्दल मात्र मला शंका आहे. गढूळ खाडीत त्यांचा काडीचा उपयोग नाही.

प्लिमथची मावशी
गढूळ खाडीत नाहीच. मी नितळ पाण्याबद्दल बोलतेय.

देवबागचो झील
मावशी, टाइनकाठी, दोघांचेही आभार. लीडर आजच आणतो. भरती-ओहोटीचं कसं? गावाला आम्ही तिथी बघून जायचो, उधाणाला वेगळं, भांगाला (लहान भरतीला) वेगळं. इथेही तेच चालेल का?

प्लिमथची मावशी
चंद्र तोच आहे हो! अमावस्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीला भांग, इथेही तेच. फक्त वेळा टॉरक्रॉसच्या तक्त्यातून घ्या. मी ओहोटी पूर्ण सुकल्यावर पोचते आणि भरतीचे पहिले तीन तास धरते. परत सोडायचा मासा ओल्या हातानं धरा, कोरड्या हातानं त्याचा बुळबुळीत थर निघतो. खडीवर आपटू देऊ नका. आणि वहिनींना सांगा, तळायचंच असेल तर येताना बाजारातून बांगडा आणा.

देवबागचो झील
तिनं वाचलं. "मग जूनमध्येच जा" म्हणाली.